धाडणारा

चिंचखार
३० जानेवारी २०२४

प्रिय प्रफुल्ल,
सप्रेम जय भीम.

तुमच्या सरहद्दीवरच्या ठाण्यावर मोबाईल चालत नाही, आणि आठवड्याला जो एक फोन येतो त्यात तू "बरं आहे, बरं आहे, आईला सांग" एवढंच म्हणतोस, कारण मागे रांग उभी असते. म्हणून म्हटलं आपलं पत्रच बरं. चौथीची पोरं चाचणी परीक्षा लिहितायत आणि त्यांच्या बाई टेबलावर वही आडवी धरून भावाला पत्र लिहितायत. कुणाला सांगू नकोस.

पदकाची बातमी सव्वीस तारखेला झेंडावंदनाच्या आधीच पोचली. धर्माजीकाकांच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवली. काकांना पलटणीतून पेन्शनवर येऊन जमाना झाला, पण अजून ते बाजारात जातानासुद्धा बूट पॉलिश करतात. त्यांनी शाळेच्या पटांगणात माईक घेतला, "आपल्या वाडीचा हवालदार प्रफुल्ल" एवढं म्हणाले आणि रडायलाच लागले. शेवटी माईक मी घेतला. आईने घरी येऊन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. खूश झाली की ती अशीच गप्प होते.

आता मुख्य मुद्दा. परवा मंडळाने खारात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, अंडी, दोन कोंबड्या, सगळा थाट. मडकं निखाऱ्यात असतानाच काकांनी विषय काढला आणि मडकं उघडेपर्यंत ठराव पास झाला. तिठ्यावर कमान बांधायची. वरच्या पट्टीवर तुझं नाव, खांबावर सदाचं. सदालाही मरणोत्तर पदक मिळालं ना, मग खाडीपलीकडच्या त्याच्या गावच्या आंबेटेपवाल्यांनीही अर्धी मदत द्यायची असं ठरलं. त्यांचं म्हणणं, शहिदाचं नाव वर हवं. आपल्या मंडळाचं म्हणणं, जो जिवंत आहे, फीत कापायला येणार आहे, त्याचं नाव वर. यावरून थोडं वाजलं. शेवटी काका म्हणाले, प्रफुल्ल त्याचा हवालदार होता, पलटणीच्या नियमाने हवालदार वर. मग ते सगळ्यांनी मानलं.

उद्घाटन एकतीस मार्चला, तुझ्या रजेत. काकांना भाषणासाठी माहिती हवी आहे. शत्रूचे किती मारलेस तो आकडा कळव म्हणतात. मी म्हटलं विचारते.

आणखी एक. गेल्या पावसाळ्यात तू रजेवर आलास तेव्हा सदाच्या आईकडे, मनुमावशीकडे गेला नाहीस. लोक विचारायला लागले तेव्हा मी सांगून टाकलं की तुला ताप होता. तर त्या माऊलीने दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी सुके बोंबील आणि उकड्या तांदळाची कणी पाठवली, पेज करून द्या म्हणून. तू खाल्लेस ते बोंबील तिचे होते. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. या खेपेला तेवढं जाऊन ये.

आईचा गुडघा ठीक. थंडी जपून.

तुझी,
प्रज्ञाताई

—

१३ फेब्रुवारी २०२४

ताई,
जय भीम.

पत्र मिळालं. रसद आणणाऱ्या पोर्टरबरोबर आलं, भिजलं होतं पण वाचता आलं.

इथे बर्फ बराच आहे. सकाळी दाराबाहेरचा फावड्याने बाजूला काढावा लागतो. जेवण चांगलं मिळतं. भाताला मात्र चव नाही, कुकरमध्येच शिजवावा लागतो. तब्येत उत्तम आहे. खांद्याची जखम आता दुखत नाही.

काकांना सांग, कमान नको. सुरू केली असेल तर थांबवा. आकडा वगैरे काही मी देणार नाही.

मार्चची रजा मी दुसऱ्या जवानाला दिली आहे. त्याच्या घरी लग्न आहे. माझं काही अडलेलं नाही.

आईला जय भीम. गुडघ्याला तेल लावत जा म्हणावं.

प्रफुल्ल

—

चिंचखार
२५ फेब्रुवारी २०२४

प्रफुल्ल,

तुझं पत्र वाचलं. पत्र कसलं, तार होती. तीन वेळा वाचून बघितलं, मागच्या पानावर काही आहे का तेही पाहिलं.

कमान थांबवा म्हणे. खांब उभे राहिले. स्लॅबच्या सळ्या आल्या. काकांनी स्वतःच्या पेन्शनमधून सिमेंट आणलं आणि तुझा निरोप मी त्यांना सांगायचा होता. सांगितला. ते उठले, घरी गेले, दोन दिवस चहाच्या टपरीवर दिसले नाहीत. तुला काय वाटतं, लाजेने माणूस मरत नाही?

आणि आई. "रजा दुसऱ्याला दिली" हे तिला कसं सांगू ते तूच कळव. मी सध्या सांगितलंय की बर्फामुळे रस्ता बंद आहे. तुझ्यापायी मी किती खोटं बोलायचं रे? मुलांना शाळेत खरं बोला म्हणून शिकवते आणि घरी हा धंदा.

मला आधी वाटलं, पदक मिळालं म्हणून तुला आता वाडीची लाज वाटायला लागली. साहेब लोकांत बसतोस, आमच्या कमानी, आमचे माईक, आमची भाषणं तुला गावंढळ वाटत असतील. हे मी आईपुढे बोलले आणि तिने मला झापलं. म्हणाली, "माझं पोर तसं न्हाय. त्याच्या मनात कायतरी हाय, तू विचार." म्हणून विचारते.

कारण इथे दुसरीच हवा आहे. माणगावहून एसटीने येत होते. पुढच्या सीटवर आंबेटेपच्या दोन बायका. मी मागे बसलेय हे त्यांना ठाऊक नव्हतं. एक म्हणाली, "हवालदाराला पदक आनि आपल्या पोराला फोटो. सोता मागं ऱ्हायला आनि सदाला फुडं ढकलला." मी उठून त्यांच्यापुढे उभी राहिले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, बाईमाणसाने लिहू नये. कंडक्टरने मध्ये पडून बसवलं. पण घरी आल्यावर मला झोप लागेना. मी ज्या गोष्टीसाठी भांडले ती मला माहीतच नाही. तू त्या दिवशी काय केलंस ते पेपरात चार ओळी आलं, "प्रतिकूल परिस्थितीत नेतृत्व केलं" वगैरे. तेवढ्यावर मी एसटीत भांडतेय.

येत्या एकोणीस मार्चला सदाचं पहिलं पुण्यस्मरण आहे. आम्हाला निमंत्रण आलंय. मी जाणार. तिथे लोक माझ्या तोंडाकडे बघणार. खरं काय ते लिही. मी तुझी मोठी बहीण आहे, तुझं नाक पुसलंय मी.

प्रज्ञा

—

८ मार्च २०२४

ताई,

रागावू नकोस. वाडीची लाज मला कशी वाटेल? काकांची माफी मी स्वतः मागेन.

एसटीतली बाई अर्धं खरं बोलली. मी मागे राहिलो नाही. पण सदाला पुढे पाठवलं ते मीच. वरचे साहेब जखमी झाले होते, तुकडीचा ताबा माझ्याकडे होता. एका जागी बंदूक घेऊन एकाला जायचं होतं. तिथून परत येणं कठीण आहे हे दिसत होतं. मी सदाचं नाव घेतलं. तो गेला. त्याच्यामुळे बाकीचे वाचले, मीसुद्धा.

याला मी चूक म्हणत नाही. हजारदा विचार करून पाहिला. चूक असती तर बरं झालं असतं, मावशीच्या पायावर डोकं ठेवून मोकळा झालो असतो. पण मी बरोबर होतो. बरोबर होतो हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं? ती विचारणार, तू का न्हाय गेलास? मला त्याचं उत्तर ठाऊक आहे, आणि ते उत्तर पलटणीत चालतं. तिच्या ओटीवर चालणार नाही.

त्यात ती कमान. मावशी आठवड्याला जवळा विकायला त्याच तिठ्यावरून बाजारात जाते. डोक्यावर टोपली घेऊन ती माझ्या नावाखालून जाणार, आणि तिचं पोर खांबावर. ताई, तूच सांग, मी तिथे येऊन फीत कापू?

यातलं काही तिला सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे.

प्रफुल्ल

—

चिंचखार
२० मार्च २०२४

प्रिय प्रफुल्ल,

काल आंबेटेपला जाऊन आले. सोबत एक पत्र आहे, ते माझं नाही. आधी माझं वाच.

मांडव मोठा होता. भन्तेजी महाडहून आले होते. त्रिशरण, पंचशील झालं, परित्राणपाठ झाला, आणि मग आपल्यात असतं तसं सुरू झालं. निवेदकाने यादी काढली. गाव शाखा, मुंबई शाखा, तालुका, महिला मंडळ, क्रीडा मंडळ, सगळ्यांना दोन-दोन मिनिटं. दोन मिनिटं कुणी पाळतं का? एकाने तर सदाचं नाव चुकीचं घेतलं आणि तसंच रेटलं. सगळे म्हणाले सदा अमर झाला. धर्माजीकाकाही तेच म्हणाले. मनुमावशी पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पदर हातात घट्ट धरून.

शेवटी निवेदक आभार मानायला उठला तशी तीही उठली. त्याच्या हातातून माईक घेतला. तिने जन्मात माईक धरला नसेल, उलटा धरला होता, कुणीतरी नीट करून दिला. ती म्हणाली, "तुमी समदी म्हनलात त्यो अमर झाला. त्यो मेला कसा ह्ये कोन सांगनार? ज्यानं बगितलं त्यो हितं कोन हाय?"

मांडवात शंभरावर माणसं होती आणि खरं ठाऊक असलेली मी एकटी. तुझ्या शपथेमुळे मान खाली घालून बसले. तुझा फार राग आला मला. अजून आहे.

पंगत झाल्यावर निघाले तर मावशीने मला मागच्या पडवीत नेलं. म्हणाली, तू मास्तरीण हायस, मी सांगत्ये तसं लिव. आपल्या मनाचं शुद्ध करू नको. मी वही काढली. एकेक वाक्य झालं की ती मला वाचून दाखवायला लावायची. मी एके ठिकाणी "तुझी आठवण येते" असं जरा घातलं, तर म्हणाली, ह्ये मी न्हाय सांगितलं, खोड. ते खोडलेलं दिसेल तुला.

मी तिला तुझं काही सांगितलेलं नाही. तिला आधीच सगळं कळलेलं आहे. तुझ्या न येण्यानेच कळलं.

प्रज्ञाताई

—

आंबेटेप
१९ मार्च २०२४

परफुल्ला,

मी मनुबाय, सदाची आय. प्रज्ञा लिवते, मी सांगत्ये.

तुला ताप बिप काय आला नव्हता, मला ठावं हाय. ज्याला ताप येतो त्यो बाजारात बोंबील बगीत फिरत न्हाय. मला लोकांनी सांगितलं. तरी पन मी कनी धाडली. म्हनलं, पोर यायला भितंय तर भिऊ दे. पोटात काय तरी जाऊ दे.

माज्या सदाला तूच धाडलास. ह्ये मला कुनी सांगितलं न्हाय. पन धाडनारा कोन तरी असतोच. मी पन धाडला व्हता ना त्याला भरतीला? म्हाडच्या गाडीत मीच बसवला. तवा तुजा राग करायचा तर आदी माजा करावा लागंल.

मला तीन गोष्टी कळल्या पायजेत. त्या दिवशी सकाळी त्यानं काय खाल्लं. त्याला भ्या वाटलं का. आनि तू समद्यांतनं त्यालाच का धाडलास. बरं वाटावं म्हनून कायबी लिवू नको. बरं वाटायचं लोक लई सांगतात, वरीस झालं ऐकत्येय.

कमानीचं तुमी काय करायचं ते करा. नाव वर लावा, खाली लावा, माजा बाजाराचा रस्ता त्योच हाय.

येऊन सांग. येववत नसंल तर लिव. ~~तुझी आठवण येते.~~

मनुबाय

—

४ एप्रिल २०२४

मनुमावशी,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण पुरं करायला वेळ लागला. ताई तुला हे जसंच्या तसं वाचून दाखवील. ताई, तूही काही गाळू नकोस.

त्या सकाळी आम्ही पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाऊन निघालो. सदाने भाजी थोडी खाल्ली, पुऱ्या जास्त. चहात डब्यातलं दूध घातलं होतं, तो म्हणाला फार गोड झालाय, आणि तरी दोन कप प्याला. तू विचारलंस म्हणून सांगतो, पोट भरलेलं होतं.

रात्री काही जण सरहद्द ओलांडून आले होते आणि आमच्या खालच्या नाल्यात कुठेतरी लपले असतील असं वाटलं होतं. आम्ही उतारावरून त्यांना शोधत चाललो होतो. धुकं होतं. ते विरलं आणि वरच्या कातळातून एकदम गोळीबार सुरू झाला. आमच्या नायब सुभेदारसाहेबांच्या जबड्याला गोळी लागली. त्यांना बोलता येईना. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, म्हणजे आता तू सांभाळ. तेव्हापासून सगळी पोरं माझी झाली.

नामा आणि भिकू म्हणून आमचे दोन जवान पुढे होते, ते उघड्यावर पडले. नामाच्या मांडीत लागली होती, भिकूच्या पोटात. आम्ही बाकीचे दगडांच्या आड. कुणी डोकं वर काढलं की वरून मारा. दुसरी तुकडी वळसा घालून येणार होती, पण तिला वेळ लागणार होता आणि भिकूला तेवढा वेळ नव्हता. त्याचा आवाज ऐकू येत होता. काय म्हणत होता ते लिहीत नाही.

उजवीकडे पुढे एक खडक होता. तिथे मशीनगन नेली तर वरच्यांना त्या बाजूला वळावं लागलं असतं आणि तेवढ्यात दोघांना ओढून आणता आलं असतं. पण त्या खडकापर्यंत जायला आडोसा नव्हता, आणि खडकही पुरता उंच नव्हता. तिथे जाणारा परत येईलच असं नाही, हे मला दिसत होतं. सदालाही दिसत होतं. डोळे त्यालाही होते.

आता तुझा तिसरा प्रश्न. मावशी, त्या वेळी कुणाचं लग्न झालंय, कुणाची आई एकटी आहे, कोण आपल्या खाडीपलीकडचा आहे, यातलं काहीच मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी हवालदार राहिलो नसतो. मी एकच पाहिलं, की बंदूक कोण नीट चालवील. घाबरलेला माणूस घोडा दाबून धरतो आणि गोळ्या मिनिटात संपवतो. सदा तसं करायचा नाही. तो थोड्या मारायचा, थांबायचा, पुन्हा थोड्या मारायचा. आमच्यात तसा दुसरा नव्हता. मी स्वतः त्याच्याइतका चांगला नव्हतो. मी गेलो असतो तर गोळ्या लवकर संपल्या असत्या, आणि दोघांना ओढायचं कुणी आणि कधी, हे सांगायला कुणी उरलं नसतं. म्हणून मी ओढायला गेलो आणि त्याला तिकडे पाठवलं.

भीती त्याला वाटली. ओठ सुकले होते. मी नाव घेतल्यावर त्याने माझ्याकडून पाणी मागून घेतलं, दोन घोट प्याला, बाटलीचं झाकण नीट फिरवून परत दिली. "मीच का" असं त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, "कितपर्यंत?" मी म्हटलं, "दोघं आत येईपर्यंत." तो "बरं" म्हणाला आणि गेला.

तो खडकापर्यंत पोचला. त्याने गोळ्या सुरू केल्या तशी वरची सगळी आग त्याच्याकडे वळली. मी सरपटत जाऊन आधी भिकूला आणलं. दुसऱ्या खेपेला नामाला आणायला गेलो तेव्हा माझ्या खांद्याचं मांस फाडून गोळी गेली. त्याच वेळी सदाला लागलं असावं, कारण बंदूक थोडा वेळ थांबली. मला वाटलं संपलं. मग पुन्हा सुरू झाली. तशीच, थोड्या, थांबून, थोड्या. नामाला मी दगडाआड ओढून घेतलं आणि ओरडलो, "दोघं आले." त्याला ऐकू गेलं का, मला माहीत नाही. पण त्यानंतर त्याची बंदूक वाजली नाही.

मग मी उरलेल्यांना घेऊन डावीकडून वर चढलो. वरचं काम पुरं केलं. ते सांगण्यासारखं नाही आणि काकांना मी त्याचा आकडा देणार नाही. तिथून सरळ सदाकडे गेलो. तो गेलेला होता. शेवटचे शब्द वगैरे काही नाहीत. कुणी सांगितले तर खोटे समज. त्याला मीच उचलून खाली आणलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

त्याच्याबरोबर गावी यायला हवं होतं. मला इस्पितळात ठेवलं होतं, म्हणून येता आलं नाही. पावसाळ्यात मात्र येता येत होतं आणि मी आलो नाही.

मावशी, मला तुझी माफी मागता येत नाही, म्हणून मी तोंड चुकवत होतो. पुन्हा तीच वेळ आली, तोच उतार, तीच माणसं, तर मी पुन्हा सदाचंच नाव घेईन. खरं हेच आहे. तू बरं वाटायचं लिहू नको म्हणालीस. यानंतर तू मला दारात उभं केलं नाहीस तरी माझी तक्रार नाही.

तुझा,
प्रफुल्ल

—

चिंचखार
१७ एप्रिल २०२४

प्रिय प्रफुल्ल,

परवा पत्र आलं, काल संध्याकाळी जाऊन वाचलं. तरीच्या होडीतून खाडी ओलांडताना एकदा वाटलं, आधी आपण वाचून घ्यावं. नाही वाचलं. पाकीट तिच्यासमोर फाडलं. आई बरोबर आली होती, गुडघा धरून, ऐकेचना. आणि काका आले, बोलावलं नव्हतं तरी. ओटीच्या पायरीवर बसले.

मी वाचायला लागले. तू नाव घेतलंस तिथपर्यंत माझा आवाज ठीक होता. "कितपर्यंत" तिथे मी अडले. काकांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि पुढचं त्यांनी वाचलं, परेडवर हुकूम वाचतात तसं, एका सुरात, एकही शब्द न गाळता. तेच बरं झालं. मी रडून घोळ घातला असता.

"पुन्हा सदाचंच नाव घेईन" हे वाचून झाल्यावर काका थांबले. मला वाटलं आता ही उठणार आणि आम्हाला घालवून देणार. आईने माझा हात धरला होता, नखं रुतली. मनुमावशी म्हणाली, "ते खडकाम्होरंचं परत वाचा." काकांनी परत वाचलं. ती मान हलवत होती. बंदूक थांबली आणि पुन्हा सुरू झाली, तिथे तिने काकांना थांबवलं. स्वतःशीच म्हणाली, "लागल्यावर पन." मग रडली. वर्षभरात तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, शव आलं तेव्हासुद्धा नाही. आई तिच्याजवळ जाऊन बसली.

बऱ्याच वेळाने तिने तोंड धुतलं, आम्हाला काळा चहा दिला. आणि तुला निरोप सांगितला. मी तिथल्या तिथे लिहून घेतला, खाली देते, शुद्ध केलेला नाही.

"त्याला सांग, तू बरोबर केलंस का चूक, ते मला कळत न्हाय, ते तुमचं काम. पन तू चुकलो म्हनाला असतास ना, तर माजा सदा फुकट मेला असता. आता तसं न्हाय. समदी मला सांगत व्हती त्यो देशासाटी गेला. देश लई मोटा, मला त्यो दिसतो व्हय? ती दोन पोरं दिसतील. चालती-बोलती हायत का ती? त्यांना घेऊन ये. मला त्यांना जेवू घालायचंय, आनि जेवताना बगायचंय."

एवढंच. आम्ही निघालो तेव्हा काका तिच्या पुढ्यात उभे राहिले आणि त्यांनी तिला सॅल्यूट केला. ती म्हणाली, ह्ये काय आता, जावा, अंदार पडला.

कमानीचे खांब तसेच उभे आहेत. काका म्हणतात, वरच्या पट्टीवर काय लिहायचं ते तू आणि मनुबाई मिळून सांगा, मंडळाला आता कुणी विचारत नाही.

तू येशील ना?

प्रज्ञाताई

—

२९ एप्रिल २०२४

ताई,
जय भीम.

रजा मंजूर झाली. सात तारखेला इथून उतरतो. नामा पुण्याच्या इस्पितळातून सुटून आता हलक्या कामावर आहे. त्याला फोन लावला, येतो म्हणाला. भिकू घरी गेलाय, पेन्शनवर. त्याला विचारलं तर म्हणाला, हवालदार, मी त्या माऊलीपुढे बसून खाऊ कसं? मी म्हटलं, तिने सांगितलंय म्हणून खायचं. पोटाचं ऑपरेशन झाल्यामुळे त्याला तिखट चालत नाही, मावशीला तेवढं सांग. नामा काठी घेऊन चालतो, तरीत चढताना हात द्यावा लागेल. काकांना धक्क्यावर यायला सांग. माईक, हार, काही आणू नका म्हणावं.

आम्ही तिघं पंधरा तारखेला दुपारपर्यंत पोचू. आईला नीट समजावून सांग, रागावू देऊ नकोस. या खेपेला मी आधी आंबेटेपला उतरणार आहे, घरी नंतर येईन.

प्रफुल्ल